विजेचा अंत्योदय : प्रश्न जागेचा आणि मापाचा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गेल्या काही वर्षांपासून एक परिवर्तन फारसा गाजावाजा न होता घडत आहे. ज्या माळरानावर कुसळांखेरीज काही उगवत नसे, तेथे सौर पॅनेलांच्या ओळी उभ्या राहत आहेत. राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये राज्याच्या योजनेने अधिक व्यापक असे दुसरे रूप घेतले. शेतीला वीज पुरविणाऱ्या उपकेंद्रांपासून पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात अर्धा ते पंचवीस मेगावॅट क्षमतेचे प्रकल्प उभारावेत, खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे द्यावे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ व्हावी, अशी तिची रचना आहे. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला.

या योजनेचे मोल ज्याने रात्रीचे पाणी धरले आहे त्यालाच कळेल. शेतीची वीज आठवड्याच्या चक्राने कधी दिवसा तर कधी रात्री येते. ऐन थंडीत, बिबट्याच्या आणि विंचूकाट्याच्या भयात, हातात विजेरी घेऊन बांधावर उभे राहणे हे कुणबिकीचे प्राक्तनच, असे दोन पिढ्यांनी मानून घेतले. सूर्य दिवसा तळपतो आणि पिकालाही पाणी दिवसाच द्यायचे असते. हा साधा मेळ साधायला स्वतंत्र भारताला सात दशके लागली. म्हणूनच या योजनेचे स्वागत केले पाहिजे.

मात्र स्वागत करून थांबता येणार नाही. लहान प्रकल्प गावोगाव उभे राहिले म्हणजे विजेचे विकेंद्रीकरण झाले, असा एक समज शासकीय वर्तुळात आणि समाजातही रूढ होत आहे. तो पुरता खरा नाही. वितरणाच्या जाळ्यात प्रकल्प नेमका कोठे जोडला आणि तो केवढा बांधला, या दोन गोष्टींवर त्याचे सारे फलित अवलंबून असते. जागा चुकली किंवा माप चुकले, तर तोच सूर्य आणि तेच पॅनेल असूनही वाहिनीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय ज्याला शेवटचा माणूस म्हणत, तो विजेच्या बाबतीत अक्षरशः तारेच्या शेवटच्या टोकाला उभा आहे.

केंद्रीकरणाचा वारसा

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. त्यापूर्वी नगरपालिका व लहान कंपन्या आपापल्या गावापुरती वीज निर्माण करीत आणि वाटीत. ती व्यवस्था तुटपुंजी होती, हे मान्य केलेच पाहिजे. कोयनेसारख्या प्रकल्पांनी महाराष्ट्राच्या उद्योगांना बळ दिले आणि राष्ट्रीय जाळ्याने दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत तारा नेल्या. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लाइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातील एकही गाव विजेविना उरले नाही, अशी घोषणा झाली. हे कर्तृत्व लहान नव्हे.

परंतु या वाटचालीत एक विचारदोष मुरला. मोठे तेच आधुनिक, दूरचे तेच कार्यक्षम आणि दिल्ली-मुंबईत आखलेले तेच शास्त्रीय, अशी नियोजनकारांची धारणा होऊन बसली. समाजवादी नियोजनाने ती रुजवली आणि उदारीकरणाच्या पहिल्या लाटेने ती विदेशी भांडवलाच्या हवाली केली. दाभोळचे प्रकरण त्याचेच ठळक उदाहरण होय. १९९३ साली एन्रॉनच्या कंपनीशी राज्य वीज मंडळाने करार केला. १९९५ मध्ये युती शासनाने तो रद्द केला व पुढे फेरवाटाघाटींनंतर पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ती महागडी वीज न परवडल्याने २००१ मध्ये मंडळाला करारातून अंग काढून घ्यावे लागले. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या काळी दिलेला इशारा खरा ठरला. राज्याच्या गरजेचे माप आधी न घेता प्रकल्पाचे माप ठरविले की काय होते, हा धडा त्यातून मिळाला.

तोच धडा सौरऊर्जेनेही नव्याने दिला आहे. राजस्थानातील भडला येथे २,२४५ मेगावॅटचे विशाल सौर उद्यान उभे आहे आणि त्या परिसरात आणखी मोठी क्षमता वाढत गेली. पण २०२५ मध्ये पारेषण वाहिन्यांची क्षमता अपुरी पडल्याने राजस्थानात तयार होऊ शकणारी सौरवीज काही वेळा बंद ठेवावी लागली. सूर्य होता, पॅनेल होते. वीज वाहून नेणारी वाट नव्हती. स्वच्छ ऊर्जासुद्धा केंद्रीकरणाच्या साच्यात ओतली की तिला केंद्रीकरणाचे रोग जडतात.

एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून दीनदयाळजींनी एकात्म मानववाद मांडला. उत्पादनव्यवस्थेचा विचार करताना मनुष्यबळ, कच्चा माल, भांडवल, व्यवस्थापन, चालकशक्ती, बाजारपेठ आणि यंत्र या सातांचा मेळ बसला पाहिजे, हे विश्वेश्वरय्यांचे सूत्र त्यांनी त्यात उद्धृत केले होते. यंत्र देशाच्या परिस्थितीला अनुरूप असावे. परिस्थितीने यंत्राला शरण जाऊ नये, हा त्यामागचा आशय होता. सहा दशकांनंतर तो कृषी वाहिनीला जसाच्या तसा लागू पडतो.

तारेचे गणित

तारेतून जितका प्रवाह अधिक, तितकी ती तापते आणि वीज वाया जाते, हे सर्वज्ञात आहे. पण ही हानी प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही; ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की हानी चौपट आणि निम्मा झाला की हानी एक चतुर्थांश. जागेचा आणि मापाचा सारा प्रश्न या एका नियमातून उगवतो.

उपकेंद्रातून निघालेली एक अकरा हजार व्होल्टची कृषी वाहिनी कल्पावी. तिच्यावर सुरुवातीपासून टोकापर्यंत सारख्या अंतराने पंप आहेत, तार सर्वत्र एकाच जाडीची आहे आणि एकूण मागणी तीन मेगावॅट आहे. सारी वीज उपकेंद्रातून येत असताना त्या तारेत होणारी हानी नऊ एकक मानावी. आता तीन मेगावॅटचा सौर प्रकल्प आणून उपकेंद्राच्या दाराशीच जोडला, तर वाहिनीतील हानी किती उरेल? नऊच. कारण दारापासून टोकापर्यंतचा प्रवास विजेला पूर्वीइतकाच करावा लागतो. तोच तीन मेगावॅटचा प्रकल्प अगदी शेवटच्या टोकाला जोडला, तर? तेव्हाही हानी नऊच राहते. वीज उलट्या दिशेने तेवढाच प्रवास करते, इतकाच फरक. टोकाला सहा मेगावॅटचा प्रकल्प बांधला, तर हानी त्रेसष्ट एककांवर जाते, म्हणजे मूळच्या सातपट. याउलट दोनच मेगावॅटचा, म्हणजे मागणीच्या दोन तृतीयांश क्षमतेचा प्रकल्प वाहिनीच्या दोन तृतीयांश अंतरावर जोडला, तर दिवसा तो पूर्ण क्षमतेने चालत असताना हानी नऊवरून एकावर येते. सूर्य तोच आणि पॅनेल कमी. तरीही लाभ सर्वांत मोठा.

पंपाजवळ कपॅसिटर बसविण्याचा आग्रह वीज कंपनी शेतकऱ्याला नेहमी करते, त्यामागे हेच शास्त्र आहे. दोन तृतीयांशाचा हा नियम अभियंत्यांनी प्रथम कपॅसिटरांसाठी बसविला आणि पुढे लहान वीजप्रकल्पांनाही लावला.

प्रत्यक्षातील वाहिनी अशी सरळ व समान नसते, हे खरे. तिला फाटे असतात, कोठे उसाचा पट्टा तर कोठे कोरडवाहू माळ असतो, तारेची जाडीही बदलत जाते. म्हणून प्रत्येक वाहिनीचा स्वतंत्र हिशेब करावा लागतो. १९८९ साली बरान व वू या अभ्यासकांनी मांडलेले तेहतीस बिंदूंचे एक नमुना जाळे जगभरच्या संशोधकांनी, भारतीय संशोधकांनीही, या हिशेबासाठी वारंवार वापरले आहे. त्यात एकूण मागणी ३.७ मेगावॅट आणि हानी सुमारे २१० किलोवॅट आहे. योग्य ठिकाणी सुमारे २.६ मेगावॅटचा एक प्रकल्प जोडला की हानी ११० किलोवॅटच्या आसपास उतरते. तीन वेगवेगळ्या ठिकाणी योग्य मापाचे तीन प्रकल्प जोडले, तर ती सत्तर-पंचाहत्तर किलोवॅटपर्यंत खाली येते. सर्वोत्तम माप पूर्ण मागणीपेक्षा कमी आहे आणि एका ठिकाणी एकवटण्यापेक्षा विखुरण्यात लाभ अधिक आहे.

हानीइतकाच दाबाचा प्रश्न मोठा आहे. उच्चदाब वाहिनीवर ठरलेल्या दाबापेक्षा सहा टक्के अधिक किंवा नऊ टक्के उणे, एवढीच सवलत नियमांत आहे. टोकाला दाब उतरला की पंप पुरेसे पाणी उचलत नाही, मोटार अधिक प्रवाह ओढते आणि अखेर जळते. एकेका रोहित्रावर क्षमतेबाहेर पंप चढले की रोहित्रही जळते आणि दुरुस्त होऊन परत येईपर्यंत उभे पीक वाळते. अतिरिक्त क्षमतेचा प्रकल्प चुकीच्या जागी जोडला, तर याच्या नेमके उलट घडते. दुपारी पंप बंद असताना दाब मर्यादेबाहेर चढतो, सुरक्षा यंत्रणा प्रकल्पाला जाळ्यातून तोडते आणि सोन्यासारखे ऊन वाया जाते.

योजनेची पुढची पायरी

या कसोटीवर सौर कृषी वाहिनी योजना कोठे बसते? या योजनेतील प्रकल्प मुख्यतः स्वतंत्र तारेने उपकेंद्रालाच जोडले जातात. त्यामुळे दूरच्या औष्णिक केंद्रापासून उपकेंद्रापर्यंतचा विजेचा प्रवास वाचतो, त्या प्रवासातील हानी वाचते, दिवसा वीज मिळते आणि ती स्वस्तही पडते. हा लाभ निर्विवाद आहे. मात्र वर मांडलेल्या हिशेबातील उपकेंद्राच्या दाराशी जोडलेला प्रकल्प तो हाच. उपकेंद्रापासून पुढे, टोकाच्या पंपापर्यंत, नऊचे नऊच राहतात. दिवसा वीज आली तरी टोकाला दाब उतरलेलाच असेल, तर त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने रात्र सरली, पण अडचण सरली नाही.

अभियंते यावर जे आक्षेप घेतात, त्यांचा आदर केला पाहिजे. वाहिनीच्या मध्यावर जोडलेला प्रकल्प ती वाहिनी बंद पडताच बंद पडतो. उपकेंद्राशी जोडलेला प्रकल्प आपली वीज शेजारच्या वाहिनीला देऊ शकतो. पावसाळ्यात पंप थांबतात, तेव्हा मध्यावरची वीज उलटी वाहू लागते. तार दुरुस्त करणाऱ्या वायरमनच्या जिवाची काळजी अधिक घ्यावी लागते. हे सारे खरे आहे आणि त्यातूनच मापाची कसोटी मिळते. मध्यावरच्या प्रकल्पाचे माप वाहिनीच्या कमाल मागणीवर ठरवू नये. ऊन असतानाची तिची किमान मागणी पाहून ठरवावे. मोठा वाटा उपकेंद्राजवळ व लहान वाटा वाहिनीच्या पुढच्या भागात, अशी विभागणी करता येते. पीएम-कुसुमच्या पहिल्या घटकात पाचशे किलोवॅट ते दोन मेगावॅटच्या प्रकल्पांना शेतकऱ्याच्या स्वतःच्या पडीक जमिनीवर वाव आहे. त्याची सांगड वाहिनीनिहाय नियोजनाशी घालणे, ही योजनेची पुढची पायरी ठरावी.

आज जागा ठरते ती बव्हंशी जमिनीच्या उपलब्धतेवर. जेथे शासकीय जमीन मोकळी, तेथे प्रकल्प. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे पाच मेगावॅटला वीस-पंचवीस एकरांचा सलग पट्टा हवा. असा पट्टा गावात बहुधा एकच असतो, तो म्हणजे गायरान. गोवंशाच्या चराईसाठी पूर्वजांनी राखून ठेवलेली ती भूमी प्रकल्पाखाली जाऊ लागताच काही गावांतून विरोधाचे सूर उमटले. त्या विरोधाला विकासविरोध म्हणून झिडकारणे योग्य होणार नाही. प्रकल्पाच्या गावाला तीन वर्षे प्रतिवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद योजनेत आहे आणि ती स्तुत्य आहे. पण गुरांच्या चाऱ्याला रुपयांचा पर्याय नसतो. वाहिनीच्या हिशेबाने लहान प्रकल्प विखुरले, तर अडीच-तीन एकरांचे खडकाळ तुकडे पुरतात, भाड्याचे उत्पन्न अनेक घरांत जाते आणि गायरान गायींसाठी राहते. जागेचे शास्त्र आणि गावाचे हित येथे एकाच दिशेला बोट दाखवितात.

विकेंद्रीकरणाच्या दुसऱ्या टोकाचाही विचार हवा. प्रत्येक शेतात तारेशी न जोडलेला स्वतंत्र सौरपंप, हा वीज न पोहोचलेल्या आणि जोडणीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी वरदानच आहे. पण जेथे वाहिनी अंगणातून जाते तेथे असा पंप बसविला, तर पाणी नको असलेल्या दिवसांत त्याची पॅनेले निष्कारण तापत राहतात आणि ती वीज शेजाऱ्यालाही मिळत नाही. जाळ्याशी जोडलेली वीज समाजाची होते. व्यक्ती आणि समष्टी यांचा मेळ विजेच्या तारेतही साधावा लागतो.

शहरांनाही हाच नियम लागू आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याचे लक्ष्य ठेवले. त्याच वर्षी ग्राहक हक्क नियमांत बदल होऊन दहा किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचाला तांत्रिक तपासणीविना मान्यता मिळू लागली. सामान्य माणसाचे कचेरीतले हेलपाटे वाचले, हे उत्तमच झाले. परंतु आळीतील रोहित्राची क्षमता मर्यादितच असते. पुढे येणाऱ्यांनी ती व्यापली की मागाहून येणाऱ्या गरीब घराला जागा उरत नाही. प्रत्येक रोहित्र किती सौरवीज सामावू शकते, हे आधीच मोजून ठेवले आणि गरजेनुसार त्याची क्षमता वाढविली, तर मागाहून येणाऱ्यावर अन्याय होणार नाही.

काय केले पाहिजे?

पहिली गोष्ट माहितीची. प्रत्येक कृषी वाहिनीची ताशी मागणी, टोकाचा दाब, तारेची जाडी आणि किती मापाचा प्रकल्प कोठे सामावेल याचा नकाशा वीज कंपनीने तालुकानिहाय प्रसिद्ध करावा. गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम २०१४ मध्ये मंजूर झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेने पुढे नेले. वेगळ्या झालेल्या वाहिनीचे मोजमाप करणे आता सोपे आहे. वीजबिलात जनतेचा पैसा आहे. जाळ्याची माहितीही जनतेची असली पाहिजे.

दुसरी गोष्ट दराची. प्रकल्प कोठेही उभारला तरी युनिटला सारखाच दर, असे असेल तर विकासक स्वस्त व सलग जमीनच शोधणार. वाहिनीच्या अडलेल्या भागाला आधार देणाऱ्या प्रकल्पाला थोडा अधिक दर दिला आणि तो वाचलेल्या हानीतून भागविला, तर बाजाराची शक्तीच प्रकल्पाला योग्य जागी खेचून नेईल. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज राज्याने २०२४ पासून मोफत केली आहे. त्यामुळे तारेत वाया जाणाऱ्या प्रत्येक युनिटचा भार अखेर शासकीय तिजोरीवर, म्हणजे करदात्यावर येतो. हानी वाचविणे हे आता सरळसरळ राष्ट्रीय धनाचे रक्षण होय.

तिसरी गोष्ट विविधतेची. सूर्य मावळल्यावर सौरवीज नसते. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने गाळपाच्या हंगामात, दिवाळीच्या सुमारापासून वसंतापर्यंत, उसाच्या चिपाडावर रात्रंदिवस वीज निर्माण करू शकतात आणि तीही ग्रामीण जाळ्याच्या मध्यातच. दिवसा सूर्य, रात्री चिपाड, गोठ्याजवळ गोबर गॅस आणि ऐपत होईल तशी बॅटरी, अशी मांडणी प्रत्येक तालुक्याच्या प्रकृतीनुसार करता येईल.

हे काम केवळ शासनावर सोपवून भागणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने आहेत. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांनी परदेशी नमुना जाळ्यांवर प्रकल्प-अहवाल लिहिण्याबरोबरच आपल्या तालुक्यातील एक वाहिनी दत्तक घेऊन तिचा हिशेब मांडला, तर काही वर्षांत साऱ्या राज्याचा नकाशा तयार होईल. ग्रामविकासात रमलेल्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत प्रकल्पाची जागा चर्चेला आणावी. सहकारी संस्थांनी आणि शेतकरी गटांनी केवळ जमिनीचे भाडे घेण्यावर समाधान न मानता प्रकल्पाची मालकी घेण्याची तयारी करावी.

मोठे प्रकल्प नकोत, असा याचा अर्थ नाही. रेल्वे, पोलाद कारखाने आणि महानगरे यांना अखंड, प्रचंड वीज लागणारच आणि ती राष्ट्रीय जाळेच पुरवील. पण त्या जाळ्याचे यश मेगावॅटच्या घोषणांनी मोजले जाऊ नये. वाहिनीच्या अखेरच्या खांबावर दुपारी दोन वाजता दाबमापक लावावा, शेवटच्या पंपाचे पाणी पाटात पूर्ण धारेने पडते की नाही ते पाहावे आणि त्यावरूनच योजनेला गुण द्यावेत.